दोन मुळांचे सामाईक खाते : प्रस्तावना

वर्गसमीकरण हा शब्द कानी पडताच, एकेकाळी शालान्त परीक्षेच्या मांडवाखालून गेलेल्या मुंबईकरास, मग तो गिरगावातील खेतवाडीत वाढलेला असो की लालबागच्या एखाद्या चाळीत, सर्वप्रथम जे आठवते ते समीकरण नव्हे, तर ते सोडविण्याचे सूत्र होय. 'उणे ब, अधिक-उणे वर्गमुळात ब वर्ग उणे चार अ क, भागिले दोन अ' ही ओळ परवच्यासारखी त्याच्या जिभेवर असते, आणि ती कोठून आली व कशासाठी शिकलो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मात्र त्याच्यापाशी नसते. त्याबद्दल त्याला दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. मी गिरगावातल्या ज्या शाळेत शिकलो तेथे हे सूत्र आम्हांला एका सोमवारी फळ्यावर लिहून देण्यात आले, शुक्रवारी ते म्हणून घेण्यात आले, आणि मुळे व सहगुणक यांचा परस्परसंबंध ज्या अर्ध्या पानावर सांगितला होता ते अर्धे पान 'परीक्षेस दोन गुणांचे' म्हणून घाईघाईने उलटण्यात आले. प्रस्तुत पुस्तिका त्या अर्ध्या पानाविषयी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या विषयाचा मूळ कायदा त्या अर्ध्या पानावर आहे आणि सूत्र हे त्याचे एक पोटकलम आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण पोटकलम तोंडपाठ करून घेत आलो आणि कायदा वाचावयाचा तेवढा राहून गेला.

हे मला उमगले ते पुस्तकातून नव्हे. मुंबईतील ट्राम ज्या १९६४ साली बंद झाली त्याच्या आगेमागे काही वर्षे मी परळच्या एका रात्रशाळेत गणित शिकवीत असे. गिरणगावात रात्रशाळांची परंपरा जुनी, ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग आणि वाचनालये चालविली, आणि त्या वहिवाटेवर पुढे कितीतरी शाळा उभ्या राहिल्या. माझ्या वर्गात बसणारी मंडळी पहिली पाळी करून, अंघोळ उरकून, कुणी खानावळीत जेवून तर कुणी जेवण मागाहून करू म्हणून येत. अंघोळ होऊनही कानाच्या पाळीमागे कापसाचा एखादा तंतू राहिलेला असेच. अशा वर्गासमोर काल्पनिक आगगाड्यांची आणि हौदांच्या नळांची उदाहरणे घालणे माझ्या जिवावर येई, म्हणून मी त्यांच्या राहत्या खोलीचेच उदाहरण घेतले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि परळचा डिलाईल रोड (ज्याला पुढे त्याच ना. म. जोशींचे नाव मिळाले) येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, हे वर्गातल्या प्रत्येकास ठाऊक होते; एका खोलीत गावाकडचे किती पुरुष पथारी पसरू शकतात याचा हिशेब तर त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होता. मी म्हटले, खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट, आणि चारी भिंतींच्या पायथ्याशी रंगाची पट्टी ओढावयाची तर ती, दाराची जागा न वगळता, ५२ फूट भरते. तर खोलीची लांबी-रुंदी सांगा. ५२ चे निम्मे २६. म्हणजे दोन संख्यांची बेरीज २६ आणि गुणाकार १६०. फळ्यावर समीकरण मांडले :

क्ष² − २६क्ष + १६० = ०

आणि रीतसर सूत्र लावून १६ व १० ही दोन मुळे काढून दाखविली.

साळखात्यात बदलीवर काम करणारा, सातारकडचा, माझ्याहून वयाने वडील असा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, "गुरुजी, ह्यातलं पयलं कोणतं?"

"कोणतंही धरा," मी म्हटले.

"आसं कसं? मस्टरावर दोन नावं आसली तर एकाचा नंबर आदी लागतोच की."

वर्ग हसला, मीही हसलो. पण उत्तर माझ्याजवळ नव्हते. फळ्यावरच्या २६ कडे आणि १६० कडे मी पाहत राहिलो. सोळा आधी घ्या आणि दहा मागून घ्या, की दहा आधी आणि सोळा मागून. सव्वीस तेच राहतात आणि एकशेसाठही तेच राहतात. समीकरणाच्या दप्तरात दोन्ही नावांची नोंद आहे, परंतु अनुक्रमांकाचा रकानाच नाही. लांबी कोणती आणि रुंदी कोणती हे समीकरणास विचारून उपयोग नाही, ते दार कोणत्या भिंतीत आहे यावर ठरते, आणि दाराविषयी आपण समीकरणास काहीच सांगितलेले नव्हते. त्या गृहस्थास मी हे उत्तर दुसऱ्या दिवशी दिले. त्यांनी मान डोलावली, पण ती त्यांना पटले म्हणून की माझी दया येऊन, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

आता संबंध कोणता ते एकदा सरळ सांगून टाकतो. एखाद्या वर्गसमीकरणाची मुळे म आणि न असतील, तर ते समीकरण (क्ष − म)(क्ष − न) = ० असेच असले पाहिजे, कारण क्ष च्या जागी म घाला अथवा न घाला, एक कंस शून्य होतो आणि सारा गुणाकार शून्य होतो. कंस सोडविले की क्ष² − (म + न)क्ष + मन = ० असे रूप येते. म्हणजे क्ष च्या सहगुणकात मुळांची बेरीज चिन्ह पालटून बसली आहे, आणि शेवटच्या सुट्या पदात त्यांचा गुणाकार आहे. क्ष² लाही अ असा सहगुणक असला, म्हणजे समीकरण अक्ष² + बक्ष + क = ० असे असले, तर सर्वास अ ने भागून घ्यावे; बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ. एवढेच. विद्यार्थी हमखास अडखळतात ते बेरजेच्या उणे चिन्हापाशी, आणि त्याचे कारण असे की, ते चिन्ह त्यांना फर्मान म्हणून सांगितले जाते. कंस स्वहस्ते एकदा सोडविला तर ते उणे कोठून आले याची विचारणा करण्याची पाळीच येत नाही, कारण ते कंसातच उभे होते.

यापुढची पायरी मात्र सावकाश चढण्याजोगी आहे. बेरीज ठाऊक, गुणाकार ठाऊक. पृथक् संख्या हव्यात. बेरजेचा वर्ग केला तर त्यात म², न² आणि २मन असतात. त्यातून ४मन वजा केले की उरते ती फरकाच्या वर्गाइतकी संख्या. खोलीच्या उदाहरणात २६ चा वर्ग ६७६, त्यातून १६० ची चौपट ६४० वजा जाता राहिले ३६, त्याचे वर्गमूळ ६. झाला फरक. आता बेरीज २६ आणि फरक ६ असल्यावर संख्या काढणे हे 'लीलावती'तले संक्रमण नावाचे गणित आहे : बेरजेचे निम्मे १३, फरकाचे निम्मे ३, मिळविले तर १६ आणि वजा केले तर १०. (सूर्य मकर राशीत शिरतो त्या दिवशी आपण जो शब्द तिळगुळाबरोबर उच्चारतो, तोच हा शब्द, अलीकडून पलीकडे जाणे एवढाच त्याचा अर्थ.) वाचकाने हे चार ओळींचे गणित अक्षरे घालून करून पाहावे, −ब/अ आणि क/अ योग्य जागी ठेवताच शेवटी जे हाती येते ते शाळेत पाठ केलेले सूत्रच असते, तसूभरही कमीअधिक नाही. ज्यास आपण फळ्यावरून उतरवून घेतले ते आपल्याच घरात तयार होण्यासारखे होते.

या मांडणीला आपल्या व्यवहारात एक प्रतिरूप आहे, आणि ते मला इतके चपखल वाटते की त्याचेच नाव मी या लेखास दिले आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत असे घर विरळा की ज्याची कोकणात किंवा घाटावर कोठे तरी चुलत्यापुतण्यांसह सामाईक जमीन नाही. त्या जमिनीचा सातबाराचा उतारा काढावा तर एकंदर क्षेत्र लिहिलेले असते, आकार लिहिलेला असतो, खातेदारांची नावे एकाखाली एक असतात. पण बांधाचा कोणता तुकडा कोणाचा, याविषयी उतारा मौन पाळतो. सामाईकातून स्वतंत्र व्हावयाचे तर सरस-निरस मानाने वाटप करून घ्यावे लागते, आणि मगच एक वरच्या अंगाचा व एक खालच्या अंगाचा असे दोन हिस्से पडतात. वर्गसमीकरणाचे सहगुणक म्हणजे असा सामाईक उतारा आहे. वर्गमूळ काढणे ही वाटणी. आणि सूत्रातील 'अधिक-उणे' हे चिन्ह म्हणजे वाटणी झाली, पण मोठा हिस्सा कोणी घ्यावा याची चिठ्ठी अजून उचललेली नाही, अशी कबुली होय. ज्याला विवेचक म्हणतात ती ब² − ४अक ही राशी शून्य आली तर दोन्ही हिस्से समसमान असतात आणि भांडणाला जागाच राहत नाही.

सामाईक खात्याची आणखी एक गंमत अशी की, पुष्कळ कामे वाटणी न करताच होऊन जातात. मघाच्या खोलीचा कर्ण किती? लांबी-रुंदी स्वतंत्रपणे ठाऊक नसली तरी चालते : बेरजेच्या वर्गातून, म्हणजे ६७६ मधून, गुणाकाराची दुप्पट ३२० वजा करा, ३५६ उरले, त्याचे वर्गमूळ, म्हणजे पावणेएकोणीस फुटांहून किंचित अधिक, हा कर्ण. भिंती गुण्यात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी गवंडी दोन्ही कर्ण दोरीने मोजतो. त्यास हा आकडा खोलीची एकही बाजू न मोजता सांगता येईल. दोन मुळांविषयी जो प्रश्न त्यांच्यात भेदभाव न करता विचारता येतो, त्याचे उत्तर बेरीज आणि गुणाकार यांतून, समीकरण न सोडविता, निघतेच निघते. आणि ज्या प्रश्नात 'त्यातले मोठे कोणते' असा पंक्तिप्रपंच येतो, तेथे वर्गमुळाच्या दारी जावे लागते. माझ्या मते शालेय बीजगणितात याहून खोल असे विधान दुसरे नाही.

मुळांपैकी एक नको असले तर काय, हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींना पडलेला होता. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणि' रचला; त्यातील बीजगणितात वर्गसमीकरणांचे मध्यमाहरण नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेली बारा माकडे टेकडीवर आहेत. समीकरण आपल्या पद्धतीने मांडले तर क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० असे होते; मुळे ४८ आणि १६. दोन्ही कळप संभवतात, आणि आचार्य दोन्ही उत्तरे देतात. दुसऱ्या उदाहरणात कळपाचा पंचमांश उणे तीन, त्याचा वर्ग गुहेत शिरला आणि एक माकड फांदीवर दिसते आहे. येथे क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे येते, मुळे ५० आणि ५. पण पाच माकडांचा पंचमांश एक, त्यातून तीन वजा केले तर उणे दोन. उणे दोन माकडांचा वर्ग गुहेत जातो हे लोकांना पटावयाचे नाही, म्हणून आचार्य पाच हे उत्तर त्याज्य ठरवितात. निर्णय अगदी व्यवहारी माणसाचा आहे आणि मला तो मान्य आहे. परंतु समीकरणाकडे पाहा : ५५ मध्ये ते नाकारलेले पाच बसलेच आहेत, आणि २५० मध्ये तर त्यांनी पन्नासांची पाचपट केली आहे. माणसाने एका खातेदाराचे नाव कमी करण्याचा अर्ज मंजूर केला तरी मूळ उताऱ्यावरून ते पुसले जात नाही.

या भास्कराचार्यांच्या वंशाचा पुरावा ज्याने जगापुढे आणला तो मनुष्य मुंबईचाच, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावी अशी माझी फार इच्छा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. धंद्याने वैद्य, परंतु शिलालेख आणि ताम्रपट यांचा त्यांना विलक्षण नाद. खानदेशात चाळीसगावनजीक पाटण येथील देवळातला शिलालेख त्यांनी वाचला आणि १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील राजाने त्यास दान दिले, असा त्या शके ११२८ च्या सुमाराच्या लेखाचा मजकूर. संस्कृत वंशावळ संपल्यावर लेखाचा शेवटचा भाग मराठीत उतरतो, आणि तेथे बाजारपेठेतल्या मालावर राजाचा जो हक्क ग्राहकापाशी होता तो मठास दिल्याची नोंद आहे. म्हणजे बीजगणिताच्या अध्ययनाचा खर्च जकातीतून भागत होता; शिक्षणखात्याने याची अवश्य दखल घ्यावी. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयास १९७५ साली भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. सुटीच्या दिवशी बागेत मुले प्राणी पाहावयास जातात, संग्रहालयात क्वचितच शिरतात.

पाश्चात्त्य देशांत मुळे व सहगुणक यांच्या या संबंधास व्हिएत या फ्रेंच गृहस्थाचे नाव आहे. ते पेशाने वकील आणि राजाच्या पदरी सल्लागार होते, व गणित फावल्या वेळात करीत. त्यांचे या विषयावरील लेखन त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १६१५ साली, छापले गेले. व्हिएत उणे मुळांस दाराबाहेर ठेवीत. ती आत घेण्याचे धाडस १६२९ साली अल्बेर झिरार याने केले, आणि नुसती उणे नव्हेत तर ज्यांत उणे संख्येचे वर्गमूळ येते अशा काल्पनिक मुळांसही त्याने बैठकीत जागा दिली. कारण त्यांना वगळले तर बेरजेचा ताळेबंद जुळत नाही. क्ष² − ४क्ष + १३ = ० हे समीकरण घ्या. विवेचक १६ − ५२ = −३६; वास्तव संख्यांत याचे वर्गमूळ नाही, म्हणून शाळेत 'मुळे वास्तव नाहीत' एवढा शेरा मारून वही मिटण्यात येते. पण ती दोन अदृश्य मुळे मिळविली तर चारच भरतात, आणि गुणिली तर तेराच. घरात कोणी दिसत नाही, पण भाडे दरमहा चोख येते आहे, अशातला हा प्रकार.

केवळ तत्त्वचर्चेपुरताच हा विषय आहे असे कोणी समजू नये म्हणून एक व्यवहारातले उदाहरण देतो. आमच्या कॉलेजच्या दिवसांत लॉगॅरिदमची चार अंकी कोष्टके हेच सर्वांचे साधन असे. क्ष² − १०००क्ष + १ = ० हे समीकरण एकदा एकाने सूत्राने सोडविले. वर्गमुळाखाली १०००००० − ४, म्हणजे ९९९९९६; चार अंकी कोष्टकात त्याचे वर्गमूळ सरळ १००० मिळाले, आणि लहान मूळ १००० − १००० भागिले २, म्हणजे शून्य! शून्य हे या समीकरणाचे मूळ असणे शक्यच नाही, कारण गुणाकार १ आहे. सूत्राने दगा दिला, कारण दोन जवळजवळ सारख्या मोठ्या संख्या वजा करताना कामाचे अंक सगळे गळून गेले. उपाय गुणाकारात होता : मोठे मूळ जवळपास १०००, गुणाकार १, म्हणून लहान मूळ ०.००१ च्या जवळपास. आज संगणकाच्या साहाय्याने हिशेब करणारेही हीच खबरदारी घेतात. त्यांचे अंक सोळा असतात इतकेच, गळणे तेच.

तीन, चार किंवा अधिक घातांच्या समीकरणांतही असेच संबंध असतात, आणि त्यांचा विचार करीतच पुढे गाल्वासारख्या तरुणाने समीकरणांची एक नवीच मीमांसा उभी केली. त्या वाटेवर या पुस्तिकेत आपण फक्त चार पावले जाणार आहोत. पहिली पाच प्रकरणे दहावीच्या मुलामुलींना कोणाच्याही मदतीशिवाय वाचता यावीत अशा बेताने लिहिली आहेत. सहावे अवघड आहे, ते पहिल्या वाचनात सोडले तरी चालेल. क्ष, म, न, अ, ब, क ही अक्षरे मी जाणूनबुजून देवनागरीत ठेविली आहेत. पाठ्यपुस्तकातील चिन्हांशी ती जुळवून घेण्यास कोणास फार तर एक सायंकाळ लागेल.

उदाहरणांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी दिलेली नाहीत, आणि ही प्रकाशकाची काटकसर नव्हे. काढलेल्या दोन मुळांची बेरीज करावी, गुणाकार करावा, आणि समीकरणाशी रुजू घालून पाहावी. तफावत आली तर चूक आपली, न आली तर उत्तर बरोबर, आणि त्यासाठी माझ्या सहीची गरज नाही.